पिंगळे साहेबाच्या दारातला मांडव

कोलशेतच्या खाडीवर थंडी म्हणावी अशी थंडी कधी पडतच नाही. माघात पहाटे जरा गोधडी ओढावी लागते आणि ऊन वर आलं की ती पायाशी लोटावी लागते. अशा गावात एका घराला धुराडं आहे. चांगलं विटांचं, चौकोनी, मंगलोरी कौलांतून डोकं वर काढलेलं. नव्या माणसाला वाटतं, इथे पूर्वी बेकरी असावी. जुनी माणसं हसतात आणि म्हणतात, छे हो, ते पिंगळे साहेबाचं घर. मग घराची गोष्ट सांगायला बसतात आणि बघता बघता आवडाबाईच्या गोष्टीवर जातात, कारण घर बांधलं साहेबाने, पण ते उभं राहिलं आवडाबाईमुळे.

साहेबाचं खरं नाव पेंगेली. विलायतेच्या पार टोकाला, समुद्रात शिरलेल्या एका मुलखातला हा गवंडी. साहेब म्हणायचं ते गोऱ्या कातडीपायी, बाकी हाताला चुन्याने पडलेल्या भेगा आपल्या गवंड्यांसारख्याच. तानसा तलावाचं पाणी मुंबईला न्यायचं काम निघालं तेव्हा तो बोटीत बसून आला. काम संपलं, बरोबरचे परत गेले, पण ह्याने खाडीकाठची जागा घेतली आणि दगडाचा चौथरा, विटेच्या भिंती, सागवानी फळ्यांची जमीन असं घर स्वतःच्या हाताने उठवलं. ह्या उकाड्यात धुराडं कशाला, असं लोकांनी विचारलं तर म्हणे, धुराडं नसेल त्याला आमच्याकडे घर म्हणत नाहीत, गोठा म्हणतात. गावाने ते ऐकून घेतलं. पेंगेली काही कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून पिंगळे केलं, आणि पुढे खुद्द साहेबच 'मी पिंगले' म्हणून सांगू लागला.

त्याला दोन मुलं. मुलगा थोरला, तो मिसरूड फुटताच आफ्रिकेला गेला आणि तिकडचाच झाला. धाकटी एडिथ, तिचा जन्म ह्याच घरातला. गावाची ईडाबाय. ती वाढली आगऱ्यांच्या पोरींबरोबर, चिखलात निवट्या मासे पकडत आणि मिठागरावर अनवाणी पळत. घरात आईबापांशी इंग्रजी, बाहेर पडली की अस्सल आगरी. पुस्तकी मराठी तिला शेवटपर्यंत आली नाही. लग्न तिने केलं नाही. ठाण्याच्या शाळेत पोरींना शिवण शिकवायची आणि परत आली की कोंबड्या, पपया आणि विहीर ह्यांच्यात रमायची.

आवडाबाई ह्या घरात आली ती नवी नवरी असताना. धाकू म्हात्र्याची बायको. धाकूचं शेत साहेबाच्या कुंपणाला लागूनच, म्हणून कोंबड्यांचं काम तिच्याकडे आलं. त्या पहिल्याच दिवाळीत तिने जे केलं ते गाव अजून चवीने सांगतं. साहेब आणि त्याची बायको मडम ईडाला घेऊन ठाण्याला त्यांच्या देवळात गेलेले. आवडाबाईने घरात डोकावून पाहिलं तर सणासुदीची जमीन उघडी! एवढ्या मोठ्या घराला कुणी शेणाचा हात लावलेला नाही, बिचाऱ्यांना येत नसेल. तिने पदर खोचला, पाटीभर शेण आणलं आणि त्या सागवानी फळ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुरेख सारवून काढल्या. वर रांगोळीची स्वस्तिकं. मडम आली आणि दारातच थबकली. साहेबाने कपाळाला हात लावला. पण मडमने खाली वाकून बूट काढले, मोजे काढले आणि त्या ओल्या सारवणावरून अनवाणी चालत आत गेली. 'लै गोमटा,' म्हणाली, तिला तेवढंच येत होतं. फळ्यांच्या सांध्यांतलं शेण होळीपर्यंत निघत होतं, आणि त्यापायी आवडाबाईला कुणी एक शब्द बोललं नाही. हे तिने मनात धरलं. बऱ्यावाइटाची नोंद ती पक्की ठेवायची.

मग राघो जन्मला. श्रावण, आणि पाऊस असा लागलेला की बांध कुठला आणि खाडी कुठली ते कळेना. म्हात्र्यांच्या घरात चुलीपर्यंत पाणी. बाळंतिणीला शेक द्यायला सुकं लाकूड नाही, बाळाला गुंडाळायला सुकी चिंधी नाही, आणि पोर तर मुठीएवढं. सासूने धीर सोडला होता. तेवढ्यात ईडाबाय गुडघाभर पाण्यातून आली, आवडाबाईच्या कुशीतून पोर उचललं, पोटाशी धरलं आणि चालू लागली. मागोमाग धाकूने बायकोला पाठुंगळीला घेतलं. साहेबाच्या धुराड्याखाली त्या दिवशी कित्येक वर्षांनी जाळ झाला. ईडाने शिसवी खुर्चीचे पाय तोडून आत घातले, असं सांगतात. पाऊस उघडेपर्यंत मायलेक त्या जाळापुढे होती. राघो जगला, पुढे रेड्यासारखा दांडगा झाला. आणि तेव्हापासून गावात रीतच पडली. पावसाळ्यात कुणी बाळंत झाली की दुपटी वाळवायला आणि पोर शेकायला साहेबाच्या घरी. अर्धं कोलशेत त्या धुराड्याखाली सुकलेलं आहे, असं आवडाबाई कुणालाही तोंडावर सुनवायची.

साहेब गेला, मडम गेली. मग स्वराज्य आलं आणि ठाण्यातले, कल्याणच्या रेल्वे वसाहतीतले गोरे आपापली चंबूगबाळी आवरून बोटीकडे निघाले. कुणीतरी ईडाबायला विचारलं, तू कवा जातस?

'कुठं?' ती म्हणाली.

'तुज्या घरा.'

'मंग ह्या कोनाचा हाय?' तिने विचारलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. त्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

ह्या सगळ्या वर्षांत आवडाबाई मात्र मोठी असामी झाली होती. ती धवलारीण होती, लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजीचं काम जितकं, त्याहून काकणभर जास्त धवलारणीचं. मांडवाची मेढ रोवण्यापासून ते मांडव परतण्यापर्यंत, म्हणजे विधी करून उतरवेपर्यंत, प्रत्येक गोष्ट तिच्या गाण्यावर चालते. देवांना आणि पितरांना लग्नाचं बोलावणं करते ती धवलारीण. आवडाबाईचा गळा असा, की बाळकुमला लग्न असलं तर कोलशेतात कळावं. आणि जिभेला धार अशी, की व्याही आणि विहीण दोघंही तिच्यासमोर दबून असत.

पंचावन्न सालच्या फाल्गुनात मुंबईच्या वकिलाचा माणूस आला. घर आणि जागा बापाने मुलाच्या नावावर ठेवली होती, मुलाने आफ्रिकेत बसून ती एका कारखान्याला विकली. ईडाबायने अर्धा वैशाख सरायच्या आत घर सोडावं. भावाने विलायतेच्या बोटीचं तिकीट काढलेलं आहे, तिकडे एक दूरची बहीण तिला ठेवून घेईल. साठी उलटलेली बाई, विलायत तिने चित्रात पाहिलेली. ती ओट्यावर बसून राहिली. संध्याकाळी आवडाबाई अंडी घेऊन आली तेव्हा ईडाबाय एवढंच म्हणाली, 'आवडे, मना थंडी लागंल गो तिकरं.'

आवडाबाईने अंडी खाली ठेवली. 'तू जात नायस,' ती म्हणाली. 'भाकरी थापतंव, जेवून घे.'

म्हणायला म्हणाली खरी, पण करायचं काय? घरी येऊन तिने धाकूला विचारलं, धाकूने विडी ओढली. सरपंचाला विचारलं, त्याने कानावर हात ठेवले. विकत घेतलेल्या जागेवर कुणाचं काय चालणार? मग चैत्रात कारखान्याचा तरुण इंजिनियर सायकलवरून येऊन साखळ्या टाकून मापं घेऊन गेला, आणि कळलं की पहिलं पाडायचं ते घरच.

त्याच वैशाखात राघोचं लग्न धरलं होतं. लग्न म्हात्र्यांच्या अंगणात व्हायचं होतं. पण मेढीसाठी उंबराची फांदी आली तेव्हा आवडाबाईने ती खांद्यावर घेतली, आपलं अंगण ओलांडलं, कुंपणाच्या फाटकातून आत गेली आणि म्हणाली, 'यां रोवा.' मेढ पिंगळे साहेबाच्या दारात रोवली गेली. माणसं चक्रावली. 'पोराला जीव दिला कोनी?' तिने विचारलं. 'त्याचा मांडव त्याच घराला.' बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

हळदीच्या दिवशी आवडाबाई मेढीपाशी बसली आणि बोलावणं गाऊ लागली. आधी गावदेवी, मग खाडीची आई, मग म्हात्र्यांचे मेलेले आजे-पणजे, एकेकाला नावाने. ईडाबाय ओट्यावर लाकडी पेटीत कपडे भरत होती. गाणं तिच्या कानावर आयुष्यभराचं होतं, तिचं लक्षही नव्हतं. आणि मग आवडाबाईचा आवाज चढला.

'ये रं पिंगले सायबा, तुज्या दारी मांडव,
ये गो मेरी मडमे, तुज्या दारी मांडव.'

ईडाबायच्या हातातला झगा खाली पडला. तिच्या आईबापांना ठाण्याच्या दफनभूमीत पुरलं त्याला वर्षं लोटली होती, आणि आज त्यांना गावच्या पितरांच्या पंगतीला बोलावलं होतं. ती उठून मांडवात आली आणि बायकांत बसली. हौसाबाई नावाची शेजारीण होती, तिने सरकून जागा करून दिली आणि ईडाच्या हातावर हळदीचा गोळा ठेवला. त्या दिवशी ईडाबायने पेटीत पुढे काही भरलं नाही.

लग्न लागलं आणि चार दिवसांनी कारखान्याचे मजूर कुदळी-पहारी घेऊन आले. बरोबर तो इंजिनियर. गुरुदत्त प्रधान त्याचं नाव, डोंबिवलीचा, शाळामास्तराचा मुलगा, नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. मजुरांचा मुकादम पंढरी, माजिवड्याचा. फाटकातून आत आला, दारातला मांडव पाहिला, हळदीचे हात उमटलेली मेढ पाहिली आणि खांद्यावरची कुदळ खाली ठेवली.

'काय झालं?' गुरुदत्तने विचारलं.

'मांडव हाय सायब.'

'लग्न झालं ना पण?'

'लगीन झाला. मांडव परतला नाय. मांडवाच्या घरावं लोखंड कसा मारू? मना बी पोरा हायत.'

गुरुदत्त आवडाबाईकडे गेला. 'मावशी, हा मांडव कधी परतणार?'

'पोरीचा पाचपरतावन झाला का,' आवडाबाई म्हणाली. नवरी माहेरी जाणार, येणार, पुन्हा जाणार, पुन्हा येणार, तोवर मांडव हलत नाही. 'तिचा म्हायेर लांब हाय, मोहन्याला. घाई करून कसा चालंल? चाय घे.'

गुरुदत्त चहा प्याला. तेवढ्यात आतून गोरी म्हातारी आली, पांढरे केस, अंगात झगा, पायात काही नाही, आणि म्हणाली, 'कनचा यो पोऱ्या? उनान क उभा केलाव त्याला? बस रं बाला.' गुरुदत्तच्या हातातली बशी कलंडली. अशी आगरी बोली त्याला स्वतःलाही आली नसती.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. कोलशेतात त्या साली हे दोन्ही एकमेकांत असं गुंतलं, की घर राखायला लग्नं काढावी लागली. राघोच्या सासरचं येणंजाणं उरकत आलं तशी आवडाबाई घरोघर फिरू लागली. 'गो हौसे, तुजा उत्तम कुठं शेकला होता?' हौसाबाई काय ते समजली. उत्तमचं लग्न पुढच्या साली करायचं होतं, ते ह्याच वैशाखात आलं, आणि मेढ होतीच, तिच्याशेजारी दुसरी रोवली. मग गावातल्या शकूचं. शकूचा बाप कुरकुरला, पोरीचे दागिने अजून व्हायचेत म्हणाला. 'धुराड्याखाली नागवी होती तवा दागिने घातलेले काय तिना?' आवडाबाईने विचारलं. बाप मुकाट्याने मुहूर्त काढायला गेला.

पंढरी दर आठवड्याला कुदळी घेऊन यायचा, मांडवात जेवायचा आणि कुदळी घेऊन परत जायचा. गुरुदत्तच्या नाकी नऊ आले. वरचे साहेब त्याला विचारत, आणि त्याने काय सांगावं? की नवरीचं पाचपरतावन राहिलंय? पण तो चिडला नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. चिडण्यासारखं सगळं होतं. उलट तोही जेवायला बसू लागला. ईडाबाय त्याला पपईचा मुरंबा वाढायची.

पण पंचांग काही धवलारणीच्या हातात नसतं. ज्येष्ठ सरत आला. मुहूर्त संपले आणि गावात उजवायची पोरंपोरीही संपली. एका सकाळी गुरुदत्त एकटाच आला. सायकल फाटकाला टेकवून तो सरळ आवडाबाईच्या अंगणात गेला.

'मावशी, आता माझ्या हातात नाही. सोमवारी बाहेरची माणसं येतायत, लांबच्या मुलखातली. त्यांना मांडवाचं काही नाही. मला तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं.'

आवडाबाई तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. 'एवरी मोकली जागा हाय रं तुमाला. घरच क नरलाय?'

'घर नडत नाही. कारखाना मागे होणार, खाडीच्या बाजूला. पण गाड्या आत यायला रस्ता नको का? गावाची वाट येते ती नेमकी घरापाशी संपते. घराच्या ह्या अंगाला विहीर आणि दलदल, त्या अंगाला तुमचं खाचर. रस्ता न्यायचा तर घरावरूनच न्यावा लागतो.'

तो हे सहज बोलून गेला. बोलताना त्याच्या मनात काहीच नव्हतं. पण आवडाबाईने सूप खाली ठेवलं आणि कुंपणापलीकडे पाहिलं. घराच्या त्या अंगाला त्यांचं खाचर, सगळ्या शेतांत सरस. गोड्या पाण्याचं, खाऱ्याचं नव्हे. धाकूच्या आजाने खाडीला बांध घालून घालून ते मिळवलं होतं. वर्षाचा भात तिथून यायचा. बाकीची खाचरं खारी, तिथे पिकलं तर पिकलं.

'आनी आमचा खाचर दिला त?' तिने विचारलं.

गुरुदत्तने कुंपणावरून खाचर नजरेने मोजलं. 'सगळं नाही लागणार. पण मधून रस्ता गेला की उरलेलं शेत राहणार नाही मावशी. माती पडेल, पाणी तुंबेल. गेल्यातच जमा धरा. नीट विचार करा.'

विचार करायचा तो धाकूबरोबर करायला हवा होता, जमीन त्याची. धाकू हा अबोल गडी. घरात बायकोचा आवाज एवढा, की त्याला आपला काढायची गरज कधी पडली नव्हती. आवडाबाईने त्याला सांगितलं, आणि सांगताना जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज खाली होता. तिला ठाऊक होतं, ह्या एका गोष्टीत तिला हक्काने बोलता येत नाही. नको म्हणाला तर तिथेच संपलं. धाकूने ऐकलं आणि उठून गेला. आवडाबाईला दारातून दिसत होतं, तो खाचराच्या बांधावरून चालला होता. या कोपऱ्याहून त्या कोपऱ्याला, मग परत. एका जागी बसून त्याने मातीचं ढेकूळ उचललं, कुस्करलं. दुपार कलली तेव्हा तो आला, पाय धुतले आणि म्हणाला, 'यंदाचा भात काडू दे म्हनावं. मंग घेऊ दे.'

आवडाबाईने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मग तसाच उचलून दुसरं ताजं पाणी भरून आणलं.

गुरुदत्त त्याच दिवशी ठाण्याला धावला, तिथून मुंबईला वरच्या साहेबांकडे. काय बोलला त्याचं त्याला ठाऊक. पण परत आला तेव्हा ठरलं होतं. रस्ता खाचरातून वळणार, काम भातकापणीनंतर. घर राहणार आणि हयातभर त्यात ईडाबाय राहणार, पुढे तिथे दवाखाना निघेल. आवडाबाईने त्याला एक अट घातली: खाचराचं ईडाबायला कळता कामा नये. 'तिना ऐकला त ती उद्याच बोटीन बसंल. मी वलखतंव तिला.' धाकूला सांगायची गरज नव्हती, आणि गावाने मूग गिळले.

मग आवडाबाईने मांडव परतला. अशी गायली, की सोमवारी आलेली ती लांबच्या मुलखातली माणसंही ऐकत उभी राहिली आणि मागच्या पडीक जागेतली झुडपं तोडायला निघून गेली.

ईडाबायला एवढंच कळलं की कंपनीने विचार बदलला. त्या पावसाळ्यात तिच्याएवढी कृतज्ञ बाई ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल. गुरुदत्त दिसला की ती त्याचे हात धरायची. त्याच्या डोंबिवलीच्या घरी अंडी जायची, मुरंबा जायचा, त्याच्या बायकोला, सुमेधाला, क्रोशाचे रुमाल जायचे. 'लै मोठ्या मनाचा पोऱ्या हाय,' ती आवडाबाईला सांगायची, 'याची आई धन्य.' आवडाबाई म्हणायची, 'हाय खरा.' गुरुदत्त बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. एकदा काकुळतीने म्हणाला, 'मॅडम, माझे आभार नका हो मानू.' त्यावर ईडाबायने ठरवलं की तो विनयीही आहे, आणि दुसऱ्या दिवशी कोंबडी पाठवली.

घरात ती नव्याने राहू लागली. सकाळी उठून भिंतींना हात लावत फिरायची. पेटी रिकामी केली, तिच्यात कोंबड्यांचं खाद्य भरलं. आवडाबाई हे पाहायची आणि तिचा जीव निवायचा. खाचराकडे पाठ करून बसायला ती शिकली होती. त्या साली भातही असा आला, की जणू शेताला कळलं होतं. लोंब्या जमिनीला टेकल्या. कापणीला सगळी आली, राघो, त्याची बायको, हौसाबाई, उत्तम, पंढरीसुद्धा माजिवड्याहून विळा घेऊन आला. धाकूने शेवटची मूठ स्वतः कापली आणि कुणाकडे न बघता घरी गेला.

कार्तिकात एका सकाळी कंपनीची माणसं आली आणि गावाच्या वाटेपासून खाचराच्या मधोमध चुन्याची रेघ ओढून गेली. ईडाबाय कोंबडी शोधत कुंपणापाशी आली. तिने रेघ पाहिली. ती गवंड्याची पोर, चुन्याची रेघ कशाची असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. रेघेच्या शेवटापर्यंत तिची नजर गेली, तिथून आपल्या घराकडे आली, आणि सगळा पावसाळा तिने कुणाचे हात धरले आणि कुणाचे धरायला हवे होते, ते तिला उभ्या जागी समजलं.

आवडाबाई बांधावर कापणीत गळालेल्या लोंब्यांचा सरवा वेचत होती. ईडाबाय कुंपणाची तार वर करून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता.

'ह्या तू केलास? मना न सांगता? तुजी पोरा क खातील आथा? मी म्हातारी किती दिसांची? दोन वरसा, तीन वरसा. त्याच्यापायी सासऱ्याचा शेत देलास? येरी हायस का तू?'

आवडाबाई सरवा वेचतच राहिली. तिच्यावर कुणी असं ओरडण्याची तिला सवय नव्हती. ईडाबायचा दम संपेपर्यंत तिने वाट पाहिली, मग ओटीतल्या लोंब्या सावरत कंबर सरळ केली.

'शेत माजा होता,' ती म्हणाली. 'तू पन माजी हायस. दोनी ठेवाला जमला नाय. एक ठेवली.'

ईडाबाय तिथेच बांधावर खाली बसली आणि झग्यात तोंड घालून रडली, अगदी मोठ्याने. आवडाबाईने तिला रडू दिलं. मग ती तिच्या शेजारी बसली, ओटीतल्या लोंब्या दोघींच्या मध्ये ओतल्या, आणि थोड्या वेळाने दोघी त्या निवडू लागल्या.